दुसरी गाडी

२६ जानेवारी, सोमवार

काल रात्रीपासून बर्फ. सकाळी उठलो तर समोरच्या भिंतीचा फक्त वरचा दगड दिसत होता, आणि त्यावर एक कावळा, आपण हे सगळं आधीच सांगितलं होतं अशा चेहऱ्याने.

नऊच्या आत आमच्या मदतपथकाच्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर एकोणीस फोटो. सगळे स्वतःच्या गाड्यांचे. वर्षभर ही मंडळी आपल्या चार चाकांच्या जोरावर बाजारातून बटाटे आणतात आणि मनातल्या मनात हिमवादळाची प्रार्थना करतात. बांधायला दोर, ओढायला साखळी, छपरावर नारिंगी दिवा, दारावर पथकाचं चिन्ह. ॲम्ब्युलन्स अडकली की आम्ही डॉक्टर पोचवतो, नर्स पोचवतो, औषधं पोचवतो. बाकी वेळ एकमेकांना टायर दाखवतो. हे सगळं मी माझ्या सदरात लिहिलेलं आहे. तरीही मला पथकातून काढलेलं नाही, कारण माझी गाडी चालते.

हेस्टर डॉडचा फोन आला. हेस्टर आमच्या नियंत्रण खोलीची राणी. तीस वर्षं मुख्याध्यापिका होती. आता एल्सगिलच्या सभागृहात एक वायरलेस, एक हीटर आणि एक नोंदवही घेऊन बसते. बोलते मात्र आम्ही सगळे अजून चौथीत असल्यासारखं.

"क्लेम, उद्यापासून रोज एक फेरी. नर्स लिडलना किलरिगच्या माथ्यावरून पलीकडे न्यायचं. स्केल्सला."

"स्केल्सला कोण आजारी आहे?"

हे मी का विचारलं कोण जाणे. स्केल्सला एकच घर आहे.

"विनी राईन. शेवटचं चाललंय. वेदना थांबवायचा पंप लावलाय, त्यातलं औषध रोज बदलावं लागतं. एक दिवस चुकला तर बाई तळमळेल. कळलं?"

"दुसऱ्या कुणाला पाठव."

"दुसरं कोण आहे? जोडीला द्यायलाही गाडी नाही, अर्धे लोक दरीच्या खालच्या बाजूला अडकलेत. आणि तो रस्ता तुझ्याइतका कुणाला माहीत नाही. आता."

ते 'आता' तिने गिळायला हवं होतं. तो रस्ता माझ्याहून जास्त माहीत असलेला माणूस नेड राईन, विनीचा नवरा. अकरा वर्षं आम्ही जोडीने गाड्या काढल्या. नियमच आहे, माथ्यावर एकटी गाडी जात नाही: पुढची वाट पाडते, मागची तिच्या चाकोरीतून येते. तो पुढे, मी मागे. गेल्या फेब्रुवारीत तो डॉक्टरला एल्सगिलला सोडून एकटाच घरी निघाला आणि एकतिसाव्या काठीपाशी रस्ता सोडून घळीत गेला. दोन दिवसांनी सापडला.

मला ताप होता त्या दिवशी. एकशे एक. नाहीतर मी मागे असतोच.

प्रथमोपचाराची पेटी तपासली. बँडेज, कात्री, गोळ्या. आईचा काचेचा तापमापक अजून त्यातच आहे. फुटून सहा वर्षं झाली, टाकवत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

नर्स पेट्रा लिडल: वय चाळिशीच्या अलीकडे, डोक्यावर गोंडा असलेली टोपी, तोंडात सतत ज्येष्ठमधाची काळी गोळी. गाडीत बसताच म्हणाली, "मिस्टर टॅलंटायर, तुम्हीच ते पेपरात खवचट लिहिणारे ना? गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यावर लिहिलं होतंत."

"आवडलं?"

"गाडी बघून चालवा."

माथ्याच्या पायथ्याशी फाटक आहे. बर्फ पडलं की नगरपालिका त्याला साखळी घालते. किल्ली फक्त आमच्याकडे. पुढच्या गाडीने उघडायचं, मागच्याने लावायचं. अकरा वर्षं मी लावण्याचं काम केलं. आज उघडलं, आत गेलो, उतरून परत मागे चालत आलो आणि लावलं. आपल्याच शेपटीला गाठ मारणाऱ्या कुत्र्यासारखं वाटलं.

फाटकापलीकडे रस्ता असा नाहीच. दोन्ही बाजूंना उंच काठ्या रोवलेल्या आहेत, त्यांच्या मधलं जे पांढरं, तो रस्ता. काठ्यांना आम्ही नंबर रंगवले आहेत. एका काठीवरून पुढची दिसली की जायचं, नाही दिसली की थांबायचं. आज पुढची जेमतेम दिसत होती. पण गरज पडली नाही, कारण चाकोरी होती. ताजी, खोल, गाडीच्या चाकांची, बरोबर काठ्यांच्या मधून. मी त्यात चाकं घातली आणि गाडी रुळावरून चालावी तशी गेली.

"कुणीतरी आधी गेलंय वाटतं," पेट्रा म्हणाली.

"शेतकरी असेल कुणी. मेंढ्यांना चारा घालायला."

माथा ओलांडल्यावर वायरलेसवर कळवायचं असतं. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "किलरिग माथा, दोन्ही गाड्या पार."

अकरा वर्षं हेच वाक्य म्हटलेलं आहे. तोंडाला सवय. माझ्या लक्षातही आलं नाही.

स्केल्सला मी गाडीतच बसून राहिलो. विनीची बहीण ऑलिव्ह दारात आली, हातात फडकं, कमरेला दुसरं फडकं. "आत ये की रे, काय बाहेर पुतळा होऊन बसलायस!" मी इंजिन गार होईल वगैरे पुटपुटलो. वरच्या खिडकीचा पडदा जरा हलला. मी गाडीतल्या घड्याळाकडे बघत बसलो. ते बंद आहे.

परत येऊन पेट्राला सोडलं, सभागृहात कळवायला गेलो, तर हेस्टर कोट घालून उभी आणि दोन पोरं फावडी घेऊन तयार.

"दुसरी गाडी कुठे आहे?"

"कुठली दुसरी?"

"तू म्हणालास दोन्ही पार. मी दोन लिहिल्या. एक आली. अर्धा तास मी तुला हाका मारतेय वायरलेसवर!"

कानापर्यंत लाल झालो. पोरं खाली बघत होती. हेस्टरने कोट काढला, वही उघडली, आणि सावकाश दुसऱ्या ओळीवर रेघ मारली.

"ऐक, क्लेम. या वहीत गाडी शिरली की ती घरी पोचल्याचं लिहिल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. गेल्या वर्षीच्या वहीत एक ओळ अजून उघडी आहे. निघाला तीन दहा. पुढे काही नाही. मला दुसरी नको आहे."

२९ जानेवारी, गुरुवार

काल लिहिलं नाही. काल काही झालं नाही, फक्त चाकोरी होती.

आज ऑलिव्हने गाडीचं दार उघडून मला बाहीला धरून बाहेर काढलं. "ती म्हणतेय, त्याला वर पाठव, नाहीतर मी खाली येते. आणि ती येईल, तुला माहितीये."

वर गेलो. विनी खिडकीपाशी पलंगावर, उशांच्या ढिगात. इतकी लहान झालीये की उशाच आजारी असाव्यात आणि ही त्यांना भेटायला आली असावी असं वाटलं. पोटाजवळ पंपाची छोटी पेटी. दर काही मिनिटांनी ती घसा खाकरल्यासारखा आवाज करते. डोळे मात्र तेच, कोकराचा भाव पाडायला बसलेल्या बाईचे.

"वर्षभर लागलं तुला जिना चढायला."

"गुडघा..."

"गुडघा गाडी चालवताना दुखत नाही वाटतं." मग तिने पेट्राला हाताने बाहेर जायची खूण केली. पेट्रा गेली. ही नर्स कुणाचं ऐकते हे मला आज कळलं.

"तुला एक सांगायचंय, क्लेम. कुणाला सांगितलेलं नाही. ऑलिव्हलाही नाही." पेटीने घसा खाकरला. "त्या दिवशी त्याने एल्सगिलहून मला फोन केला होता. म्हणाला, क्लेमला ताप आहे म्हणतो, पण मी जातोच त्याच्या दारात, उठवतो, माथ्यापर्यंत तरी ये म्हणतो. आणि मी म्हटलं, राहू दे. तापलेल्या माणसाला कशाला ओढतोस. ये तू एकटा, जेवण गार होतंय."

मी हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत बसलो.

"मी पाठवलं त्याला एकटं. एका मटणाच्या ताटासाठी." ती छताकडे बघत होती. "तुझी काही चूक नाही. उगीच तोंड चुकवत फिरतोस. माझी आहे. हे तुला सांगून मरायचं होतं."

इथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "विनी, तू बरोबरच म्हणालीस. मी उठूच शकलो नसतो. एकशे दोन होता."

तिने मान हलवली. समाधान झालं असावं. मला तरी तसं वाटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज वर जाताना फाटक लावायचं विसरलो. पेट्राशी वाद घालत होतो (आजारी माणसाशी खरं बोलावं का, या विषयावर; तिचं मत: हो; माझं मत: तिला काय जातं). परत आलो तर फाटक बंद. साखळी दोन वेढे घालून, कडी आतल्या बाजूला वळवलेली, म्हणजे वाऱ्याने वाजू नये. असं नेड करायचा. मी कधी केलं नाही. मी म्हणायचो, वाजू दे, तेवढीच सोबत.

नगरपालिकेचा माणूस येऊन गेला असणार.

आज चाकोरी नीट पाहिली. कारण पेट्रा थांबा म्हणाली. तिला, तिच्याच शब्दांत, निसर्गाशी दोन शब्द बोलायचे होते. मी दुसऱ्या बाजूला उतरून सभ्यपणे बर्फ बघत उभा राहिलो. डावीकडचं मागचं चाक: दर पाच हातांवर नक्षीत एक खाच. दात पडल्यासारखी. नेडच्या गाडीच्या डाव्या मागच्या टायरचा एक तुकडा उडालेला होता. मी दोन वर्षं त्याला म्हणत होतो, बदल. तो म्हणायचा, अरे, तुला मागून ओळखता यावं म्हणून ठेवलाय.

घरी येऊन भंगारवाल्याला फोन केला. सहज.

"राईनची लँड रोव्हर? ती तर एप्रिलमध्येच दाबली, साहेब. खोकं करून पाठवली."

"आणि टायर?"

"टायर पण गेले. का, तुम्हाला हवे होते?"

एक दात पडलेले टायर जगात पुष्कळ असतात. माझ्या ओळखीतली निम्मी माणसं तशी आहेत.

१ फेब्रुवारी, रविवार

पेट्रा वाटेत म्हणाली, दोन दिवस, फार तर तीन. "झोप लागत नाही तिला. औषध पुरेसं आहे, वेदना नाही. तरी जागी असते. सारखी एकच गोष्ट विचारते."

"काय?"

"तिला शब्द सुचत नाहीत आता. म्हणते, जेवण गरम करता आलं असतं."

मी वायपरची गती वाढवली.

विनीने आज मला जवळ बसवलं. आवाज कागदासारखा. "क्लेम, खरंच इतका होता का? म्हणजे तो तुझ्या दारात आला असता, तरी तू उठला नसतास?"

ती काय मागत होती ते मला दिसत होतं. नसतास, एवढंच तिला ऐकायचं होतं. म्हणजे तिचं 'राहू दे' हलकं झालं असतं. आणि ते खरंही होतं. मी उठलो नसतो. फक्त कारण वेगळं.

"एकशे तीन," मी म्हणालो. "मला आठवतच नाही तो दिवस."

तिने डोळे मिटले. झोपली नाही. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. दर भेटीला एका अंशाने चढणारा ताप खोटा असतो हे पोरवयापासून मेंढ्या-माणसं सांभाळलेल्या बाईला कळणार नाही असं मला का वाटलं?

परतीच्या वाटेवर वारा सुटला. काठ्या दिसेनात. खाली आणि वर एकच पांढरं. त्यात चाकोरी तेवढी, निळसर सावलीसारखी, पुढे जाणारी. दुपारचे तीन वाजले होते आणि आपण दुधाच्या भांड्यात पडलोय असं वाटत होतं. सकाळी याच वाटेने मी वर आलो, पण ती चाकोरी वाऱ्याने केव्हाच बुजवलेली, मग ही ताजी, खाली उतरणारी कुणाची, हा विचार मला आला. मी त्याला बसायला जागा दिली नाही. चाकोरीत चाकं घातली. दहा मिनिटं, पंधरा. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

"थांबा!" पेट्रा किंचाळली. "थांबा, थांबा, काठी! डावी काठी तुमच्या उजवीकडे आहे!"

ब्रेक मारला. गाडी एक हात घसरून थांबली. काठी उजव्या खिडकीला लागून होती. डावीकडे असायला हवी होती. काठीवर माझ्याच हाताने रंगवलेला आकडा. एकतीस.

उतरलो. कमरेला दोर बांधून चार पावलं पुढे गेलो. चाकोरी पुढे गेली होती, सरळ, न डळमळता, घळीच्या कडेपर्यंत. डाव्या मागच्या चाकाचा दात पडलेली. कड अखंड होती. बर्फ ढासळलेलं नव्हतं. खाली घळीत पांढरं, सपाट, एक रेघसुद्धा नाही.

चाकं कडेपर्यंत गेली होती आणि पुढे नव्हती. माघारी वळल्याची खूण नव्हती.

परत येऊन बसलो. पेट्राने बरणीतून एक काळी गोळी काढून माझ्या तोंडासमोर धरली. "खा. कुणाची होती चाकोरी?"

"शेतकऱ्याची."

"मग शेतकरी कुठे आहे?"

२ फेब्रुवारी, सोमवार

आज रस्ता पूर्ण बंद. बर्फ हटवणारी नांगराची गाडीसुद्धा फाटकापाशी अडली. हेस्टरने फोनवर ऑलिव्हला पंपातलं औषध पुरवून वापरायला सांगितलं. उद्या दुपारपर्यंत पुरेल. उद्या जायलाच हवं.

दिवसभर घरी. सदर लिहायला बसलो होतो, बर्फात गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांवर. चार ओळी झाल्या. सगळ्या विनोदी. फाडून टाकल्या.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

ताप नव्हता.

त्या दिवशी सकाळी सभागृहात सगळे चहाला जमले होते. नेडने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला, "क्लेमसारखी दुसरी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नाही. फक्त त्याला पुढे काढू नका, तो फाटकापाशीच उभा राहून कुणाची तरी वाट बघेल." सगळे हसले. हेस्टरसुद्धा हसली. मी गेली वीस वर्षं दर आठवड्याला लोकांवर हसतो आणि त्याचं मानधन घेतो. मला ते वाक्य पचलं नाही.

दुपारी त्याचा फोन आला. "माथ्यापर्यंत सोडायला येतोस, गड्या? फार वाईट दिसतंय वरती."

"अंगात ताप आहे," मी म्हणालो. आवाजही जरा घोगरा काढला. छान जमला होता.

तो म्हणाला, "अरेरे. पडून राहा मग."

अर्ध्या तासाने त्याची गाडी घरावरून गेली. मी टेबलाशी बसून लिहीत होतो, दिवा लावून. गाडीचा आवाज ऐकून मी दिवा मालवला. आजारी माणसाचं घर दिसावं म्हणून. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. आमच्यात त्याचा अर्थ ठरलेला: मी इथे आहे, तू दिसतोयस का. मागच्या गाडीने दोनदा दिवे मारून उत्तर द्यायचं.

मी अंधारात बसून राहिलो. तो जरा थांबला. मग गेला.

एवढंच. हे लिहायला मला एक वर्ष लागलं आणि वाचायला एक मिनिटही लागत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकराला निघालो. वारा पडलेला, आभाळ शिशासारखं. फाटकापलीकडे कोरं बर्फ. चाकोरी नव्हती. एकही नाही. अकरा वर्षं आणि एक आठवडा मी कुणाच्या तरी मागून गेलो. आज पहिल्यांदा माझ्यासमोर काहीच नव्हतं. काठी, मग काठी, मग काठी. पेट्रा मोठ्याने नंबर वाचत होती. एकतीसला ती गप्प झाली, मग बत्तीस म्हणाली. पोचायला दोन तास लागले.

विनी जागी होती. ऑलिव्ह म्हणाली, परवापासून डोळा लागलेला नाही. पेट्राने पंप भरला, नाडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि ऑलिव्हला घेऊन खाली गेली. मी काहीच सांगितलं नव्हतं तिला.

"विनी, मला ताप नव्हता."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

पेटी खाकरली.

"एकशे तीन म्हणालास."

"माझ्या घरातला तापमापक फुटलेला आहे. सहा वर्षं झाली."

"मग?"

"नेड हसला होता माझ्यावर. सगळ्यांसमोर."

"हसला म्हणून."

"हो."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढं करायला तिला किती बळ लागलं ते दिसलं. "तो सगळ्यांना हसायचा. कुत्र्याला हसायचा. कुत्र्याने कधी मनाला लावून नाही घेतलं."

"कुत्रा माझ्यापेक्षा बरा होता."

"होताच." श्वास घेतला. "म्हणजे मी 'राहू दे' म्हटलं नसतं... तो तुझ्या दारात आला असता..."

"तो आलाच होता. दारावरून गेला, हॉर्न वाजवला. मी दिवा मालवला. तू काहीही म्हणाली असतीस तरी मी उठलो नसतो, विनी. तुझ्या 'राहू दे'ने काही झालं नाही. माझ्यामुळे झालं."

ती छताकडे बघत राहिली. चादरीवरची तिची बोटं आठवडाभर आवळलेली होती, शेळीची दोरी धरावी तशी. ती एकेक करून सुटली.

"वर्षभर," ती म्हणाली, "वर्षभर मी ते 'राहू दे' चघळतेय. जेवताना. झोपताना. हलकट माणूस आहेस तू, क्लेम टॅलंटायर."

"हो."

"मी तुला माफबिफ केलेलं नाही हं. तेवढा वेळ नाही माझ्याकडे."

"माहितीये."

"चहा पिऊन जा. ऑलिव्हने पाव भाजलाय, ती रुसेल." डोळे मिटत आले होते. मी उठलो तेव्हा पुन्हा बोलली, झोपेत बोलावं तसं. "आणि फाटकापाशी थांब. साखळी ओढून पळू नकोस. तो नेहमी थांबायचा तुझ्यासाठी, मागून दिसेपर्यंत."

जिन्यावरून वळून पाहिलं. झोपली होती. तोंड थोडं उघडं, घोरत होती.

चार वाजायच्या आत निघालो. उजेड उतरत चालला होता. आमची सकाळची चाकोरी होती तीच एक. तिच्यात चाकं घातली. पेट्रा नंबर वाचत होती, उलटे. चाळीसच्या आसपास ती मागे वळून बघायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही. मागचा माणूस फार जवळून चालवतोय. दिवे खाली करायला सांगा त्याला, माझ्या डोळ्यांत येतायत."

मी आरशात बघितलं नाही. एकतीस आली, डाव्या बाजूला, जिथे यायला हवी तिथे. आम्ही पार झालो. मग बघितलं.

दोन दिवे. पिवळट, जुन्या काचेचे, जरा एकमेकांकडे झुकलेले. आमच्यामागे चार गाड्यांचं अंतर ठेवून. मागच्या गाडीने तेवढंच ठेवायचं असतं. मी कायम तेवढंच ठेवायचो.

"थांबायचं का? त्याला काही हवं असेल," पेट्रा म्हणाली.

"फाटकापाशी थांबू."

फाटक उघडलं, गाडी बाहेर काढली आणि थांबलो. इंजिन चालू. मी उतरून फाटकाला धरून उभा राहिलो, पुढच्या माणसाने राहावं तसा. बर्फ पुन्हा पडायला लागलं होतं, बारीक, आवाज न करता. दिवे उतारावर शेवटच्या काठीपाशी येऊन थांबले. इंजिनाचा आवाज ऐकू येत नव्हता. मी ऐकत होतो, कान देऊन. फक्त माझ्याच गाडीचा.

मी खिडकीतून हात घालून दोनदा हॉर्न वाजवला.

दिवे दोनदा लागले, विझले.

मग ते वळायला लागले. सावकाश, रस्ता माहीत असलेल्या माणसासारखे, काठ्यांच्या मधोमध. एक दिवा बाजूला सरकला, मग दोन्ही गेले आणि मागचा लाल ठिपका दिसला. तो वर गेला. माथ्याकडे. स्केल्सकडे.

"अरे, परत चालला!" पेट्रा काचेतून म्हणाली. "या हवेत? कुठे जायचंय त्याला?"

वायरलेस खरखरला. हेस्टर. "टॅलंटायर, फाटकापाशी किती पार?"

मी बटण दाबलं.

"एक बाहेर," मी म्हणालो. "दुसरी माझ्या मागे होती. दिसली मला."

मला वाटलं ती ओरडेल. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "किती वाजता?"

"चार पस्तीस."

"लिहिते," हेस्टर म्हणाली.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ऑलिव्हचा फोन. विनी काल संध्याकाळी गेली. झोपेतच, जागी झालीच नाही. पाचला दहा कमी असताना. ऑलिव्ह म्हणाली, चुलीवर जेवण ठेवलं होतं, तेवढ्यात अंगणात गाडी आल्यासारखं वाटलं म्हणून ती दार उघडायला खाली गेली. बाहेर कुणी नव्हतं. वर आली तोवर झालेलं होतं. "तुम्ही परत आलात की काय वाटलं मला, रे."

पेट्राला घेऊन कागदपत्रांसाठी वर गेलो. रात्रीत फार पडलं नव्हतं. माझी कालची उतरलेली चाकोरी बर्फाखाली पुसट दिसत होती. तिच्यावरून, तिच्यापेक्षा ठळक, दुसरी एक वर गेलेली. शेवटच्या काठीपासून थेट स्केल्सच्या अंगणापर्यंत. डावं मागचं चाक. दात पडलेलं. अंगणात दारासमोर ती थांबली होती. खाली येणारी नव्हती.

पेट्राने ती पाहिली. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात केली. शेतकऱ्याबद्दल काही विचारलं नाही.

सभागृहात गेलो तेव्हा हेस्टर खुर्चीतच होती. हीटर बंद झालेला, कपात कालचा चहा. घरी गेली नसणार. वही समोर उघडी होती. आणि तिच्या शेजारी दुसरी, जुनी, निळ्या पुठ्ठ्याची, तीही उघडी.

"ओळ बंद करायचीये," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दुसरी गाडी. काय लिहू?"

"घरी पोचली."

तिने कालच्या वहीत लिहिलं. वेळ विचारली, पाचला दहा कमी, ती लिहिली. मग निळी वही जवळ ओढली, तीन दहाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तेच पुन्हा लिहिलं. टोपण लावलं, कोट घातला.

"दिवा मालवून जा, क्लेम," म्हणाली.

मी म्हणालो, राहू दे चालू.